वाचकांचे प्रश्न : एकाच पुस्तकात दोन शत्रू सेनानी

युद्धकाळातल्या दोन प्रतिस्पर्धी नेत्यांवर चरित्र किंवा ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नेपोलियन आणि वेलिंग्टन यांचे जोडचरित्र लिहितो आहे. दोघांचाही जन्म १७६९चा, म्हणून एक प्रकरण याचे, एक त्याचे अशी रचना ठरवली. पाच प्रकरणे झाली, पण पुस्तक पुढे सरकत नाही. कुठे अडले असेल?

उत्तर : रचनेत अडले आहे. आलटूनपालटून प्रकरणे आली की वाचकाची समजूत होते, ही दोन माणसे आयुष्यभर एकमेकांवर डोळा ठेवून होती. तुमच्या जोडीत तसे घडलेले नाही. सप्टेंबर १८०३ मध्ये वेलस्ली (वेलिंग्टन हा किताब त्याला पुढे मिळाला) असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढत होता, तेव्हा नेपोलियनचे सारे लक्ष इंग्लंडवर स्वारी करण्याकडे होते. ऑगस्ट १८०८ मध्ये वेलस्लीने पोर्तुगालात व्हिमेरोची लढाई जिंकली. नोव्हेंबरात नेपोलियन स्वतः स्पेनमध्ये उतरला, तर वेलस्ली सिंत्राच्या तहाच्या (हरलेल्या फ्रेंचांना सुखरूप जाऊ देणाऱ्या कराराच्या) चौकशीसाठी मायदेशी गेलेला. जानेवारी १८०९ मध्ये नेपोलियन स्पेनमधून निघाला तो पुन्हा तिकडे फिरकला नाही, आणि एप्रिलमध्ये वेलस्ली लिस्बनला परतला. पुढची पाच वर्षे तो नेपोलियनच्या सरदारांशी लढला. समोरासमोर दोघे आले ते फक्त १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर, आणि प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. ही चुकामूक हेच तुमच्या पुस्तकाचे खरे कथानक आहे. जन्मसालाच्या योगायोगाला एक वाक्य पुरे.

प्रकरणे बाजूला ठेवा आणि आधी शकावली, म्हणजे तारीखवार नोंदींचा तक्ता, करा. मोठ्या कागदावर किंवा संगणकावरच्या तक्त्यात सात रकाने आखा : तारीख आणि वेळ, ठिकाण, पहिल्या नेत्याने काय केले, तेव्हा त्याला काय माहीत होते, दुसऱ्याने काय केले, त्याला काय माहीत होते, आणि शेवटी साधनाचे नाव व पृष्ठ. 'काय केले' हे रकाने सगळेच भरतात. पुस्तक उभे राहते ते 'काय माहीत होते' या दोन रकान्यांवर. बातमी कोणी आणली, केव्हा निघाली, केव्हा पोचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला का, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहा. ज्या नोंदीला साधन सापडत नाही तिच्यापुढे लाल खूण करा. लाल खुणेच्या जागा चरित्रकाराने रिकाम्या सोडायच्या असतात. कादंबरीकाराला मात्र नेमक्या त्याच जागा मोकळ्या असतात.

वॉटर्लूची सकाळ या तक्त्यात मांडून पाहा. १६ जूनला लिनीला मार खाल्लेले प्रशियन सैन्य आता लढाईत येत नाही, असा नेपोलियनचा हिशेब होता. त्यांच्या पाठलागावर त्याने आदल्याच दिवशी ग्रूशी या सरदाराला सुमारे ३३ हजार माणसे देऊन धाडले होते. वेलिंग्टनच्या हातात मात्र प्रशियन सेनापती ब्ल्यूखरचा निरोप होता की किमान एक कोअर (सैन्याचा मोठा विभाग) मदतीला येतो आहे. रात्रीच्या पावसाने जमीन भिजली होती, म्हणून नेपोलियन थांबला आणि लढाई सुमारे साडेअकराला सुरू झाली. त्याच्या माहितीप्रमाणे थांबण्यात तोटा नव्हता. वेलिंग्टनच्या माहितीप्रमाणे जाणारा प्रत्येक तास त्याच्या फायद्याचा होता. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की प्रसंग आपसूक ताणला जातो, विशेषणांची गरज पडत नाही.

पानिपतावर लिहिणाऱ्यांनीही हेच करावे. १७ ऑक्टोबर १७६० ला भाऊंनी कुंजपुरा घेतला. आठवड्याभरात अब्दालीने बागपताजवळ यमुना उतरून त्यांची दिल्लीची वाट तोडली. तिथून पुढे भाऊंना दक्षिणेचे काय माहीत होते आणि नानासाहेबांना भाऊंचे काय माहीत होते, हे दोन वेगळे रकाने करा. १४ जानेवारी १७६१ ला लढाई संपली, पण उत्तरेकडे निघालेल्या पेशव्यांना ती दहाएक दिवसांनी सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली. त्या मधल्या दिवसांत पेशव्यांच्या छावणीत शोक दाखवाल तर प्रसंग खोटा पडेल.

प्रकरणे पाडायची ती शकावली पुरी झाल्यावर, आणि ती निर्णयांच्या क्रमाने. ज्या वेळी निर्णयाचे ओझे ज्याच्यावर, ते प्रकरण त्याचे. एकाची सलग तीन प्रकरणे आली तरी बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या कादंबरीत हिटलर आणि चर्चिल यांची एक गुप्त भेट घातली तर चालेल का? दोघे समोर आल्याशिवाय नाट्य उभे राहत नाही.

उत्तर : घालू नका. दोघे कधीही भेटले नाहीत, हे जाणत्या वाचकाला ठाऊक असते आणि त्या पानानंतर तो तुमच्या खऱ्या तपशिलांवरही विश्वास ठेवत नाही. भेट हुकल्याचा खरा प्रसंग मात्र आहे. १९३२ मध्ये चर्चिल आपल्या पूर्वजाच्या, ड्यूक ऑफ मार्लबरोच्या, लढायांच्या जागा पाहायला जर्मनीत गेला होता. म्युनिकच्या हॉटेलात हान्फस्टेंगल या हिटलरच्या निकटवर्तीयाने भेट जुळवायचा खटाटोप केला, पण हिटलर आला नाही. चर्चिल तेव्हा मंत्रिमंडळात नव्हता आणि हिटलर अजून चॅन्सेलर झाला नव्हता. एवढ्यावर पूर्ण प्रकरण होते.

शत्रूची उपस्थिती त्याच्या वस्तूंतून, निरोपांतून आणि पकडलेल्या कागदांतून दाखवता येते. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने आपल्या फिरत्या कचेरीत जर्मन सेनापती रोमेलचे चित्र टांगले होते. नेपोलियनचा कानोव्हाने घडवलेला साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचा संगमरवरी पुतळा वेलिंग्टनच्या लंडनच्या घरी जिन्यापाशी उभा राहिला. अशी वस्तू एकदा नीट दाखवून सोडून द्या. दर प्रकरणात ती पुन्हा आणली की तिचे खेळणे होते.

शत्रू तिथे नसणे हेही नाट्यच असते. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री इजिप्तमधल्या अल अलामेनला तोफा सुरू झाल्या तेव्हा रोमेल आजारी रजेवर युरोपात होता. त्याच्या जागी आलेला श्टुमे दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने मेला, आणि रोमेल परतला तो २५ तारखेच्या संध्याकाळी. पहिल्या रात्रीच माँटगोमेरी आणि रोमेल यांना एकमेकांसमोर उभे करणारा लेखक हातातले सोने टाकून देतो.

आणि खरोखरच भेट झाली असेल, तर भर घालण्याचा मोह आवरा. ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्समध्ये मॅक्लीन यांच्या घरी अमेरिकी यादवी युद्धातले दोन सेनापती, दक्षिणेचा ली आणि उत्तरेचा ग्रँट, लीच्या शरणागतीसाठी भेटले. ली पूर्ण गणवेशात, कमरेला तलवार. ग्रँट चिखलाने माखलेल्या साध्या शिपायाच्या कोटात, खांद्यावर तेवढी हुद्द्याची पट्टी, तलवार नाही. आदल्या रात्रीपासून ग्रँटचे डोके दुखत होते. लीची चिठ्ठी हाती आली आणि दुखणे थांबले. दोघे मेक्सिको युद्धातल्या दिवसांविषयी बोलत बसले, इतके की मूळ कामाची आठवण लीलाच करून द्यावी लागली. लीचे सैनिक उपाशी असल्याचे कळल्यावर २५ हजार माणसांच्या शिध्याची व्यवस्था झाली. यात काय वाढवणार? तरीही लीने तलवार पुढे केली आणि ग्रँटने ती मानाने परत दिली, हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या रंगवला गेला. ती निव्वळ रचलेली गोष्ट असल्याचे ग्रँटने स्वतःच्या आठवणींत स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न : नेत्याच्या स्वतःच्या आठवणी आणि इतरांच्या रोजनिश्या जुळत नाहीत. कोणाचे खरे धरायचे?

उत्तर : कोणाचे, हे आधी ठरवू नका. प्रत्येक साधनावर तीन तारखा लिहा : घटना केव्हाची, लेखन केव्हाचे, छापले केव्हा. या तीन तारखांमधल्या अंतरात बहुतेक वेळा उत्तर दडलेले असते.

चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाचा दुसरा खंड १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. एकट्याने लढत राहायचे की नाही, हा प्रश्न युद्धमंत्रिमंडळाच्या कामकाजात आलाच नाही, असे त्यात त्याने म्हटले आहे. सरकारी कागद १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला खुले झाले. त्यांतून दिसले की २६ ते २८ मे १९४० या तीन दिवसांत, डंकर्कची माघार चालू असताना, इटलीमार्फत बोलणी करून पाहावी का यावर परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स आणि चर्चिल यांच्यात तीव्र वाद झाला होता. १९४९ मध्ये हॅलिफॅक्स हयात होता आणि चर्चिल विरोधी पक्षनेता होता. आपल्याच पक्षातल्या सहकाऱ्याला उघडे न पाडणे त्याच्या सोयीचे होते. आता हे प्रकरण लिहिताना इतिवृत्त धरा, आणि आठवणींतले वाक्यही द्या. नेत्याने पुढे काय लपवले हेही त्याच्या चरित्राचेच साधन आहे.

दुसरी तारीख विसरू नका : १९७४. जर्मन सांकेतिक संदेश ब्रिटिश उकलत होते, हे त्या वर्षी सर्वसामान्यांना कळले. त्याआधी लिहिलेल्या प्रत्येक आठवणीत आणि चरित्रात ही माहिती गाळलेली आहे किंवा सेनापतीच्या 'अंतःप्रेरणे'च्या नावावर मांडलेली आहे. रोमेलचा पुढचा डाव माँटगोमेरीने ओळखला, असे जुन्या पुस्तकात आढळले तर ते कोणत्या साली छापले ते आधी पाहा.

रोजनिशीची कोणती आवृत्ती वापरता तेही तपासा. ब्रिटिश सेनाप्रमुख ॲलनब्रुक याची रोजनिशी १९५०च्या दशकात निवडून, सौम्य करून आली. चर्चिलवरचा त्याचा खरा संताप २००१ च्या संपूर्ण आवृत्तीतच वाचायला मिळतो. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या रोजनिशीच्या काचेवर उतरवलेल्या प्रती १९९२ मध्ये मॉस्कोत मिळाल्या. त्याआधीच्या पुस्तकांत जे तुकडे आहेत त्यांवर प्रकरण उभारू नये.

तिसरे साधन जुने आणि अत्यंत उपयोगी : येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही. जर्मन हल्ला झाल्यावर स्टालिन पार खचून गेला, कामावरून बाजूला झाला, असे त्याच्यानंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याने १९५६ च्या भाषणात सांगितले. स्टालिनच्या क्रेमलिनमधल्या कचेरीच्या वहीत २२ जून १९४१ ला पहाटे पावणेसहापासून भेटी नोंदल्या आहेत आणि पुढचा आठवडाभर त्या चालूच आहेत. नोंदी तुटतात त्या २९ आणि ३० जूनला, मिन्स्क पडल्यानंतर. म्हणजे कोसळणे आठवणकारांनी सांगितले त्या दिवशीचे नव्हते. काही घडले असेल तर ते या दोन दिवसांत शोधायचे. ३ जुलैला तो रेडिओवर बोलला. राजकीय हेतूने केलेले भाषण आणि कचेरीतल्या कर्मचाऱ्याने रोजच्या कामाचा भाग म्हणून केलेली नोंद यांत तिढा पडला, तर वेळेसाठी नेहमी वही धरा. मनःस्थिती मात्र वहीत सापडत नाही.

आपल्याकडच्या बखरींना आणि तवारिखांना हीच कसोटी लावा. पानिपताची काशिराज पंडिताची हकीकत प्रत्यक्षदर्शीची खरी, पण ती सुमारे १७८० ची आहे आणि तो अब्दालीला मिळालेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी होता. शुजाच्या डेऱ्यात काय बोलले गेले यासाठी तिचे मोल मोठे. भाऊंच्या मनात काय चालले होते यासाठी ती वापरू नका.

प्रश्न : आपल्या नायकासाठी 'ते म्हणाले' आणि शत्रूसाठी 'तो म्हणाला' असे आपोआप लिहिले जाते. संपादकांनी हरकत घेतली. काय करावे?

उत्तर : संपादकांची हरकत योग्य आहे. पहिल्याच पानावर क्रियापदाने निकाल लागला तर पुढच्या तीनशे पानांतले पुरावे वाचकाने कशासाठी तोलायचे?

चरित्रात निवेदकाचा एकच नियम हवा. परकीय व्यक्तींसाठी दोघांनाही एकवचन, हे बहुधा सर्वांत स्वच्छ ठरते. ज्या व्यक्तीबद्दल मराठी वाचकाच्या मनात आदरार्थी रूपच रुजले आहे तिला ते ठेवा. एकवचन लिहिलेत तर वाचक मजकूर सोडून त्या रूपावरच अडतो. पण अशा वेळी शत्रूच्या बाजूला उपहासाची विशेषणे लावून दरी आणखी वाढवू नका.

कादंबरीत नियम पात्राच्या नजरेचा. भाऊंच्या डेऱ्यातल्या प्रकरणात अब्दाली 'तो' आणि भाऊ 'ते'. अब्दालीच्या दरबारातल्या प्रकरणात शाह 'ते', आणि भाऊ 'तो'. हा पालट पहिल्या दोन प्रकरणांतच ठामपणे करा, म्हणजे वाचकाला छावणी बदलल्याचे कळते. पाचव्या-सहाव्या प्रकरणात तो अचानक आला तर छपाईची चूक वाटते. संवादांत मात्र सावध असावे. सेनापतीसमोर शत्रूला शिव्या देणारा सरदार आणि त्याच शत्रूला पत्र लिहिताना मानाचे मायने घालणारा चिटणीस, हे दोघे एकाच डेऱ्यात असतात. तहाच्या पत्रांतली भाषा खऱ्या कागदांवरून उचला.

प्रश्न : क्रूर नेत्याला माणूस म्हणून रंगवले तर त्याचे गुन्हे सौम्य होतात, आणि फक्त राक्षस दाखवला तर पुस्तक खोटे वाटते. तोल कसा साधावा?

उत्तर : तोल हा शब्द इथे घात करतो. दोन नेत्यांना सारखी पाने, सारखे गुण, सारखे दोष वाटून दिले की न्याय झाला, असे समजले जाते. अमेरिकी यादवी युद्धातला उत्तरेचा अध्यक्ष लिंकन आणि दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांचे उदाहरण घ्या. दोघे केंटकीत जन्मले, आठ महिन्यांच्या अंतराने. युद्धाच्या काळात दोघांनीही मुलगा गमावला : लिंकनचा अकरा वर्षांचा विली फेब्रुवारी १८६२ मध्ये आजाराने गेला, डेव्हिसचा पाच वर्षांचा जोसेफ एप्रिल १८६४ मध्ये सज्जातून पडून. हे सारे खरे आहे आणि पुस्तकात यायलाच हवे. पण एवढेच आले तर वाचक दोघांना एका पारड्यात बसवतो. डेव्हिसच्या मिसिसिपीतल्या मळ्यावर शंभराहून अधिक गुलाम माणसे होती. त्यांच्या मुलांचे काय झाले, हा मजकूर जोसेफच्या मृत्यूच्या त्याच प्रकरणात आला पाहिजे, दहा प्रकरणे पुढे स्वतंत्र 'गुलामगिरी' या मथळ्याखाली नव्हे.

कामाची रीत अशी : नेत्याच्या खाजगी कोमलतेचा प्रत्येक प्रसंग तारखेने शकावलीत लावा, आणि त्याच आठवड्यात त्याने कोणत्या हुकमावर सही केली ते शेजारी लिहा. दोन्ही एका प्रकरणात, शक्य तर एका दिवसात दाखवा. निवेदकाने काहीच टिप्पणी करू नये. हुकूम ज्यांच्यावर बजावला गेला त्यांच्यापैकी एकाला तरी नाव, जागा आणि पान द्या. हे पात्र कादंबरीत कल्पित असू शकते. चरित्रात ते नोंदीतून शोधावे लागते, आणि त्या कामाला नेत्याच्या कागदपत्रांपेक्षा जास्त वेळ लागतो.

उलट बाजूची चूक म्हणजे 'सभ्य शत्रू'ची. जानेवारी १९४२ मध्ये चर्चिलने ब्रिटिश संसदेत रोमेलचा थोर सेनापती म्हणून गौरव केला. हे वाक्य अनेक लेखक रोमेलच्या सज्जनपणाचे प्रमाणपत्र म्हणून वापरतात. तेव्हा आफ्रिकेत ब्रिटिश मागे हटत होते आणि संसदेत सरकारवर टीका होत होती. मोठ्या सेनापतीकडून हरण्यात कमीपणा कमी असतो. गोबेल्सच्या प्रचारयंत्रणेलाही रोमेल हवाच होता. शत्रूने केलेली स्तुती लिहिताना ती कोणासमोर, कोणत्या आठवड्यात आणि कशासाठी केली, हे त्याच परिच्छेदात सांगा.

प्रश्न : चरित्रात संवाद घालता येतात का? आणि कादंबरीत नेत्याची खाजगी बोली कशी साधावी?

उत्तर : चरित्रात अवतरणचिन्हांत फक्त नोंदलेले बोल. आठवणकाराने वीस वर्षांनी दिलेला संवाद असेल तर चिन्हे काढून 'त्याच्या म्हणण्याप्रमाणे' असे करून सारांश द्यावा.

कादंबरीकारांची नेहमीची चूक म्हणजे नेत्याला घरातही भाषणातल्यासारखे बोलायला लावणे. हिटलरचा साधा बोलण्याचा आवाज टिकून आहे. ४ जून १९४२ ला तो फिनिश सरसेनापती मॅनरहाइमच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला फिनलंडला गेला, तेव्हा तिथल्या रेडिओच्या तंत्रज्ञाने रेल्वेच्या डब्यातले सुमारे अकरा मिनिटांचे बोलणे गुपचूप ध्वनिमुद्रित केले. आवाज खालच्या पट्टीतला, शांत, लांबण लावणारा. रशियाकडे ३५ हजार रणगाडे आहेत असे कोणी आधी सांगितले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते, असे तो त्यात सांगतो. आपल्या हिशेबातली चूक तो यजमानाला निवांतपणे सांगतो आहे, हे किंचाळणाऱ्या हिटलरपेक्षा अधिक भीतिदायक आहे.

उलट चर्चिलचे ४ जून १९४० चे संसदेतले भाषण तेव्हा ध्वनिमुद्रित झालेच नव्हते. आज ऐकू येते ते त्याने १९४९ मध्ये पुन्हा वाचलेले आहे. १९४० मधल्या प्रकरणात एखादे कुटुंब ते भाषण त्याच्याच आवाजात रेडिओवर ऐकत बसले असेल, तर तो परिच्छेद काढावा लागेल. त्या दिवशी त्यातले उतारे निवेदकाने वाचले होते.

प्रश्न : तारखा आणि वेळा जुळवताना गोंधळ होतो. काही पक्का नियम?

उत्तर : शकावलीत दोन्ही बाजूंच्या स्थानिक तारखा शेजारी लिहा आणि पुस्तकात कोणती वापरणार ते सुरुवातीलाच ठरवा. बोरोडिनोची लढाई फ्रेंच कागदांत ७ सप्टेंबर १८१२ ची, रशियन कागदांत २६ ऑगस्टची. एकोणिसाव्या शतकात रशियन पंचांग बारा दिवसांनी मागे होते, १९०० नंतर तेरा दिवसांनी, आणि फेब्रुवारी १९१८ ला ते बदलले. पानिपत म्हणजे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. फारसी कागदांत तोच दिवस हिजरीत येतो, आणि तिथे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्रीच्या घटनेत एका दिवसाचा फरक पडतो तो यामुळे.

घड्याळही तपासा. २२ जून १९४१ चा हल्ला जर्मन घड्याळात सव्वातीनला, मॉस्कोच्या घड्याळात सव्वाचारला. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले ते हवाईत ७ डिसेंबरला सकाळी आठच्या सुमारास. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा दुपारचा दीड वाजत आला होता आणि टोकियोत ८ डिसेंबरची पहाट व्हायची होती. अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्ट आणि जपानी पंतप्रधान टोजो यांचे प्रसंग लागोपाठ ठेवणाऱ्याने हे चुकवले तर एक नेता आदल्या दिवशीच प्रतिक्रिया देऊन मोकळा होतो.

गावांची नावे त्या दिवशीची हवीत. १९२५ पूर्वी त्सारित्सिन, मग स्टालिनग्राड, १९६१ पासून व्होल्गोग्राड.

प्रश्न : एका संग्राहकाकडे एका सेनानीची अप्रसिद्ध टिपणे आहेत. वापरावीत का?

उत्तर : १९८३ चे प्रकरण आधी समजून घ्या. जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशीच्या साठांच्या आसपास वह्या सुमारे ९३ लाख मार्क देऊन मिळवल्या आणि एप्रिलमध्ये जाहीर केल्या. दोन आठवड्यांच्या आत त्या बनावट ठरल्या. कागदात युद्धानंतर वापरात आलेले पांढरे करणारे रसायन होते. बराच मजकूर हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संग्रहावरून उतरवलेला होता, त्या संग्रहातल्या चुकांसकट. हस्ताक्षरतज्ज्ञ मात्र आधी फसले, कारण तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांत त्याच बनावटखोराने, कोनराड कुयाऊने, लिहिलेले कागदही होते.

म्हणून क्रम असा ठेवा. कागद नेत्याच्या हातून संग्राहकाच्या हाती कसा आला, तो प्रत्येक टप्पा लेखी मागा. एक टप्पा जरी 'सांगता येत नाही' असा निघाला तर तिथेच थांबा. मग मजकूर छापील साधनांशी ताडून पाहा, विशेषतः चुका जुळतात का ते. हस्ताक्षराचे नमुने संग्राहकाकडून घेऊ नका, सरकारी दफ्तरातून स्वतः मिळवा. कागद-शाईची तपासणी शेवटी. संग्राहकाने मूळ कागद हातात देण्याऐवजी फक्त छायाप्रती दिल्या आणि घाई केली, तर ती टिपणे सोडून द्या. पुस्तक त्यांच्यावाचून अडत नाही.

प्रश्न : नेत्यांची पत्रे आणि भाषणे किती उद्धृत करता येतात?

उत्तर : पत्राचा कागद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे लेखनाचा हक्क असतोच असे नाही, तो लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, ब्रिटनमध्ये ७०. चर्चिल जानेवारी १९६५ मध्ये वारला, तेव्हा भारतात ही मुदत २०२५ अखेर आणि ब्रिटनमध्ये २०३५ अखेर संपते. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या पत्रांची मुदत भारतात प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे तीच पत्रे अजून बंधनात असू शकतात. मराठी अनुवाद तुमचा असला तरी मूळ मजकुराची परवानगी वेगळी लागते, आणि आधीच छापलेला मराठी अनुवाद वापरायचा तर त्या अनुवादकाचीही. परवानगीची पत्रे हस्तलिखित प्रकाशकाकडे देण्याच्या किमान सहा महिने आधी पाठवा.